तिसऱ्या टॉवरची पाठ

१

धाकटीचं पिवळं हेल्मेट केबिनमधल्या खुंटीला लटकत होतं. स्कॅनर चार्जिंगला लावलेलं होतं. हातमोजे टेबलाच्या कोपऱ्यावर एकावर एक नीट ठेवलेले होते. फक्त धाकटी नव्हती.

वहिनी दारातच थबकली. इतक्या वर्षांत नणंदेची एकही वस्तू तिला जागेवर सापडली नव्हती. कंगवा फ्रिजवर, टॉवेल दिवाणावर, एक चप्पल दारात तर दुसरी पलंगाखाली. आणि इथे हातमोजे असे जोडीनं ठेवलेले?

"बघा, सगळं जागच्या जागी ठेवून गेलीय," मागून यार्ड मॅनेजर म्हणाले. "शिफ्ट अर्धवट टाकून निघून गेली असणार. तरुण पोर आहे. घरच्यांना काही पत्ता नसतो, बाई, इथे आम्हाला सगळं दिसतं."

"गेटवर कार्ड लागलंय तिचं?"

"कार्डाचं काय घेऊन बसलात! ट्रकच्या आडून कितीतरी जण सटकतात."

बंदराला लागून असलेल्या या यार्डात कंटेनर एकावर एक रचून ठेवत. सगळे त्यांना डबेच म्हणत. प्रत्येक डब्याच्या दाराला एक इलेक्ट्रॉनिक सील असे. कोणी दार उघडलं की ते सील वायरलेसवरून ऑफिसला हाक मारी. ती सिलं तपासणं हे धाकटीचं काम. आणि वहिनी विमा कंपनीची तपासनीस. गेले काही महिने तिच्या टेबलावर एकाच धाटणीच्या तक्रारी येत होत्या: याच यार्डातून गेलेला डबा परमुलखात उघडला की आत मालाऐवजी वाळूची पोती निघत, आणि सील मात्र एकदाही बोललेलं नसे.

काल जेवताना धाकटी म्हणाली होती, "वहिनी, उद्या दुपारी यार्डात ये. तुझ्याच कामाचं आहे. त्याआधी मला एक दार बघून येऊ दे."

कुठलं दार, ते तिनं सांगितलं नव्हतं. पहाटेच्या शिफ्टला ती गेली आणि तिचा फोन लागेनासा झाला. सकाळी सासूबाईंनी वहिनीच्या ऑफिसात फोन केला, तेव्हा त्यांचा आवाज कापत होता.

वहिनीनं हेल्मेट खुंटीवरून काढलं आणि उलटं केलं. आतल्या मागच्या पट्ट्याला लांब केस चिकटले होते. केसांच्या मुळाशी काहीतरी चिकट होतं. तिनं बोट लावून पाहिलं.

रक्त अजून पुरतं वाळलं नव्हतं.

२

पोलिसांना फोन झाला. ते निघाले होते, पण बंदराच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. मॅनेजरांचा चेहरा उतरला. कर्ण्यावरून शोधाचा हुकूम त्यांनीच सोडला. माणसं डब्यांच्या गल्ल्यांतून हाका मारत फिरू लागली. संध्याकाळी जहाज सुटणार होतं, आणि डोक्यावरच्या उन्हात डब्यांचे पत्रे तापून तडतडत होते. वहिनीनं एका पत्र्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. आत कोणी असलं तर? तो विचार तिनं तिथेच दाबला.

क्रेनवाला नुकताच खाली उतरला होता. वर बसून सगळीकडे नजर ठेवतो म्हणून यार्डात त्याला घार म्हणत.

"घार असून दिसली नाही तुम्हाला?" वहिनीनं विचारलं.

"नावालाच घार हो. वरून फक्त डब्यांची टकली दिसतात. माणूस खाली गल्लीत शिरला की मुंगीच्या बिळात गेला." त्यानं घाम पुसला. "चांगली पोरगी आहे. मला 'घारूदादा, जरा सावली पाडा' म्हणून ओरडायची."

"कुठला डबा उचलायचा ते तुम्हाला वायरलेसवर कळतं ना? त्यात काही दिसत नाही?"

घार हसला आणि क्रेनच्या पायाशी असलेल्या केबलच्या मोठ्या रिळावर थाप मारली. "ही माझी नाळ. थेट केबिनपर्यंत जाते. वायरलेसशी आपलं सोयरसुतक नाही. क्रेन आली तेव्हापासून वायर आहे, एक दिवस अडलं नाही."

गेटजवळच्या रांगेत धुरीवाले काका शिडीवर उभे होते. किडे मारायला डब्यात विषारी वायू सोडणं हे त्यांचं काम. डब्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या बारीक भोकांवर ते रुंद चिकटपट्टी लावत होते.

"लांबूनच बोल, पोरी," ते म्हणाले. "ही भोकं बंद झाली की वायू आत. आणि सगळ्यात शेवटी दारावर ही कवटीची पाटी. एकदा पाटी लागली की सख्खा भाऊसुद्धा दाराला हात लावत नाही."

"धाकटी दिसली होती?"

"आज नाही. काल कुंपणालगतची रांग पुरी केली आणि घरी गेलो. आज इथंच आहे." ते खाली उतरले आणि हळूच म्हणाले, "परवा ती माझ्या केबिनमध्ये आली होती. विचारत होती, काका, तुम्ही रोज किती पाट्या लावता? मी म्हटलं, कामाएवढ्या. तर म्हणते कशी, मग मला जास्त का दिसतात?"

"पाट्या कुठे असतात?"

"माझ्या केबिनमध्ये. किल्ली माझ्याकडे आणि ऑफिसात." काकांनी वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. "माझ्यावर संशय घेतेस का गं?"

वहिनी उत्तर देणार तोच तिला कोणीतरी जोरानं हाक मारली. वायरलेसच्या खोलीच्या दारात एक काटकुळा माणूस हात हलवत होता.

"तिच्याजवळ फोन होता का?" तो ओरडला.

३

हा वायरलेसचा ठेकेदार. अंगानं इतका किडकिडीत, की सगळे त्याला काडी म्हणत. त्याच्या खोलीत पंख्याची घरघर होती आणि भिंतीवर मोठा पडदा.

"यार्डात फोन आणायला बंदी आहे," तो म्हणाला, "म्हणून सगळेच आणतात. आणि आपल्या नेटवर्कला चोरून जोडतात. तिचा कुठला?"

वहिनीला आठवलं. धाकटी फोन बुटात खुपसून नेत असे. 'आज बुटात फोन, उद्या कानात मोजा घालशील,' असं वहिनीनं तिला चिडवलं होतं.

"फोनचं नाव तिनं 'शेंडेफळ' ठेवलंय. घरातली सगळ्यात लहान ना."

काडीनं बोटानं पडद्यावरची नावं सरकवली. सरकवता सरकवता त्याचं बोट थांबलं. *शेंडेफळ*. शेजारी सिग्नलची एकच बारीक रेघ, मिणमिणती. मधूनच जायची, परत यायची.

वहिनीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मग लावा ना फोन!"

"इतक्या बारीक धाग्यावर फोन लागत नाही. पण नेटवर्कचं दार ठोठावणं चालू आहे. लोखंडात बंद असणार. दाराच्या रबरातून थोडंसं बाहेर झिरपतंय." त्यानं खिडकीतून यार्डातल्या एका टॉवरकडे बोट दाखवलं. "जुन्या अँटेनांना हे ऐकूच आलं नसतं. ते काठीसारखे होते, चहूकडे सारखं ऐकायचे आणि धड कुठलंच नाही. गेल्या वर्षी टॉवरांवर ही पॅनेलं बसवली. आपण कानामागे हात धरतो ना, तसं. एका बाजूला तोंड करायचं, तिकडची कुजबुजसुद्धा कळते. बाकीच्या बाजूंचा गोंगाट आत येत नाही. म्हणून तर वेग वाढला."

"मग ही कुजबुज कुठून येतेय?"

"तिसऱ्या टॉवरच्या पॅनेलला येतेय. म्हणजे त्याच्या तोंडासमोरून."

"तिसऱ्याचं तोंड क्रेनकडे," दारातून मॅनेजर म्हणाले. ते धापा टाकत आले होते. "मीच करून घेतलं. क्रेनवाले रोज डोकं खायचे, पडद्यावरचं चित्र अडकतं म्हणून. समोर लाल डब्यांची थप्पी आहे, काल रात्रीच लावलीय. त्यातच असणार ती! चला, एकेक डबा उतरवायला सांगतो."

खिडकीतून ती थप्पी दिसत होती, चार मजली घराएवढी उंच, लालभडक. वहिनी धावत सुटली.

४

घारनं वरचा डबा उतरवला. माणसांनी सील तोडून दार उघडलं. आत यंत्रांचे खोके. दुसऱ्यात कापडाचे गठ्ठे. प्रत्येक दार उघडताना वहिनीला वाटे, आता दिसेल. आणि प्रत्येक वेळी दुसरंच एक मन म्हणे, दिसू नये. अशी तर नकोच.

मॅनेजर स्वतः उन्हात उभे राहून हुकूम सोडत होते. "तो कोपऱ्यातला घ्या! नीट बघा, गठ्ठ्यांच्या मागं बघा!" घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

काडीनं लॅपटॉप बाहेर आणला होता. वहिनीचं अर्धं लक्ष त्या बारीक रेघेवर होतं. थप्पी अर्धी उतरली तेव्हा रेघ थरथरली. शेवटचे डबे हलले आणि मागचं मोकळं मैदान दिसू लागलं.

सगळे डबे उघडून झाले होते. धाकटी कुठेच नव्हती.

"ताई," काडी अगदी खालच्या आवाजात म्हणाला.

पडद्यावरून *शेंडेफळ* नाहीसं झालं होतं.

५

"बॅटरी संपली असणार," मॅनेजर म्हणाले. "वाईट वाटतं हो. पण फोन कुठे पडला असेल कोण जाणे. मला आता जहाज भरायला घ्यावं लागेल. पोलीस येऊन बघतील काय ते."

माणसं पांगू लागली. ती एका उतरवलेल्या लाल डब्याला टेकून खाली बसली. रडायला लागले तर संपलं, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं रोज करते तेच केलं: जे घडलं ते क्रमानं मांडायला घेतलं.

"काडीभाऊ, धाकटी या डब्यांपैकी एकात असती, तर डबा हलल्यावर रेघेचं काय झालं असतं?"

"डब्याबरोबर थोडी इकडे तिकडे झाली असती. गेली नसती."

"दार उघडल्यावर?"

"उलट वाढली असती."

"मग इथे थप्पी जाता जाता रेघ थरथरली, आणि थप्पी गेल्याबरोबर रेघ गेली. बॅटरीनं नेमकी तीच वेळ कशी गाठली? ही थप्पी आवाज लपवत नव्हती, काडीभाऊ. ती आवाज पोचवत होती."

काडीनं उतरवलेल्या डब्यांवरून नजर टॉवरकडे नेली.

"आरसा," तो पुटपुटला. "लोखंडाची सपाट भिंत म्हणजे वायरलेसला आरसाच. आवाज दुसरीकडून येऊन भिंतीवर आपटत होता आणि पॅनेलच्या तोंडात परत येत होता. माझ्या डोक्यात कसं आलं नाही!"

"मग ती कुठेय?"

"भिंतीच्या समोर. म्हणजे..." त्यानं मान वळवली. "टॉवरच्या पाठीमागे. पॅनेलला पाठीमागचं काहीच ऐकू येत नाही. आणि मागे फक्त कुंपणालगतची रांग आहे."

दोघांनीही तिकडे पाहिलं. टॉवरच्या पलीकडे, कुंपणाच्या सावलीत, ओळीनं डबे उभे होते. प्रत्येकाच्या दारावर पिवळी पाटी. पाटीवर कवटी.

"पॅनेल फिरवा," वहिनी म्हणाली.

"साहेबांना विचारल्याशिवाय टॉवरला हात लावला तर माझा ठेका..." तो थांबला. शिव्या हासडत त्यानं कंबरपट्टा बांधला आणि टॉवर चढू लागला.

"ए काडी! उतर खाली!" मॅनेजर लांबून ओरडले. "सगळ्या यार्डाचं काम बंद पाडतोस काय!"

वहिनी लॅपटॉपपुढे गुडघे टेकून बसली. वर पान्याचा आवाज येत होता. बोल्ट ढिले झाले. पॅनेल इंचाइंचानं फिरू लागलं. पडदा रिकामा. अजून रिकामा.

*शेंडेफळ*.

एक रेघ. मग दुसरी. मघापेक्षा कितीतरी ठळक.

तेवढ्यात डोक्यावरून सावली सरकली. क्रेनचा लांब हात कुंपणाच्या रांगेकडे निघाला होता. जहाजात आधी तीच रांग भरायचा हुकूम सुटला होता.

६

वहिनी धावत जाऊन सरळ क्रेनच्या वाटेत उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. घारनं कचकन ब्रेक मारला. डबे उचलायचा, वर लोंबणारा रिकामा सांगाडा तिच्या डोक्यावर हेलकावे खाऊ लागला.

"मरायचंय का, बाई?" खिडकीतून घार किंचाळला.

"खाली या! धाकटी या रांगेत आहे!"

माणसं गोळा झाली, पण कुंपणाच्या रांगेपासून सगळी चार हात लांबच. मॅनेजर पुढे आले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"बाई, तुमचं दुःख समजतं मला. पण पाट्या बघा. आत विष आहे. एक दार उघडलंत तर तुम्ही जाल आणि ही दहा माणसंही जातील. आणि देव न करो, ती आत असलीच, तर आता..."

माणसांना दूर ठेवायला जी पाटी पुरेल, तीच आतल्या माणसाला लपवायलाही पुरते. कोण उघडणार? ती रांगेच्या कडेकडेनं चालू लागली. पहिला डबा, दाराला पाटी, वरच्या कोपऱ्यात चिकटपट्टी. पुढचा, तसाच. पुढचा, तसाच. मग ती थांबली. मान वर करून बघत राहिली.

"काका," तिनं हाक मारली, "भोकं बंद न करता तुम्ही कधी वायू सोडता का?"

"म्हणजे काय? आभाळाला धुरी द्यायचीय का मला?" धुरीवाले काका जवळ आले, वर पाहिलं आणि तिथेच थिजले. डब्याच्या दारावर कवटीची पाटी होती. कोपऱ्यातली भोकं उघडी होती. "हा माझा नव्हे. याला मी हात लावलेला नाही."

"वायू मोजायचा मापक आहे तुमच्याकडे?"

"सकाळीच जहाजावर धाडलाय. साहेबांनीच मागवून घेतला."

"उघडू नका!" मॅनेजर ओरडले. आता आवाजात मऊपणा नव्हता. "हा हुकूम आहे माझा!"

वहिनी त्यांच्याकडे वळली. "पाटी लावणाऱ्याला पाटी ठाऊक होती, पट्टी ठाऊक नव्हती. म्हणजे काका नव्हेत. काडीभाऊ असते, तर त्यांनी पडद्यावर दिसलेलं नाव मला दाखवलंच नसतं, त्यांच्याखेरीज ते कोणालाच दिसत नव्हतं. साहेब, तिसऱ्या टॉवरचं तोंड क्रेनकडे कोणी फिरवून घेतलं?"

"सांगितलं ना, क्रेनवाल्यांची तक्रार होती!"

"घारूदादा, तुमची तक्रार होती?"

घार खाली उतरून गर्दीत उभा होता. "माझ्या क्रेनला वायर आहे," तो सावकाश म्हणाला. "वायरलेसची तक्रार मी कशाला करू?"

"क्रेनसाठी नव्हतंच ते. टॉवरची पाठ या रांगेकडे झाली, की इथली सिलं कितीही ओरडली तरी ऑफिसला ऐकू जाणार नव्हतं. आणि कवटी बघून कोणी जवळ फिरकणार नव्हतं. इथे निवांत दार उघडायचं, माल काढायचा, वाळू भरायची. धाकटीनं जास्तीच्या पाट्या हेरल्या. आज पहाटे ती हेच दार बघायला आली. तुम्ही तिला मारलंत, आत टाकलंत, तिचं सामान केबिनमध्ये नेऊन नीट मांडून ठेवलंत. आणि मग जिथे ती नाही हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, ती थप्पी अख्खी दुपार उतरवत बसलात. जहाज सुटेपर्यंत."

मॅनेजरांनी ओठांवरून जीभ फिरवली. "कल्पना आहेत नुसत्या. बरं, समजा माझंच सगळं. पण तुमचा तर्क चुकला असेल आणि आत वायू असेल तर? कोण उघडतंय दार? पुढे या ना कोणीतरी!"

कोणी पुढे झालं नाही. वहिनीनं उघड्या भोकांकडे पुन्हा एकदा पाहिलं. तर्क कागदावर कितीही चोख असला तरी त्याच्या टोकाला आपला श्वास लावायचा म्हटलं की माणूस पुन्हा पहिल्यापासून तपासतो. तिनं तपासलं. एवढी भोकं उघडी ठेवून आत भरलेला वायू पहाटेपासून कशाला थांबेल?

"कटर द्या," ती म्हणाली. "आणि सगळे मागे व्हा."

कटर घारनं आणलं. काकांनी आपला मुखवटा काढून तिच्या तोंडावर बांधला. सीलचा बोल्ट तुटला. दांडा वर झाला. वहिनीनं सगळं वजन टाकून दार ओढलं.

आतून भट्टीसारखी झळ आली. पुढे वाळूची पोती रचलेली होती. पोत्यांच्या मागे, अंधारात, एक बूट दिसला.

७

मॅनेजर पळाले, पण फार लांब जाऊ शकले नाहीत. डब्यांच्या गल्लीत दोन ड्रायव्हरांनी त्यांना अडवलं, आणि तोवर पोलिसांची गाडीही आत आली होती. वहिनीनं त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ती पोत्यांवरून आत शिरली होती. धाकटीचे हात मागे बांधलेले होते, तोंडात कापड कोंबलेलं होतं. अंग डब्याच्या पत्र्यासारखं तापलेलं होतं. मानेच्या मागे केस रक्तानं एकत्र चिकटले होते. वहिनीनं तोंडातलं कापड काढलं, मुखवटा भिरकावून दिला आणि आपला गाल तिच्या नाकापाशी नेला.

बराच वेळ काहीच जाणवलं नाही. मग गालाला अगदी बारीक, गरम हवा लागली.

"आहे!" ती ओरडली. "जिवंत आहे!"

घारनं आणि काडीनं तिला बाहेर काढलं. काकांनी ओल्या कापडानं तिचं अंग पुसलं आणि पुसता पुसता स्वतःच रडू लागले. रुग्णवाहिका आली तोवर धाकटीनं डोळे किलकिले केले होते. तिनं वहिनीला ओळखलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. वहिनीनं चमच्यानं ओठांवर पाणी सोडलं.

"बोलू नकोस गं. झालं सगळं. घरी जायचंय."

रुग्णवाहिकेत तिला चढवलं. वहिनी तिच्या उशाशी बसली. परिचारकानं मागचं एक दार लावलं आणि दुसरं ओढून घेतलं. पत्र्यावर पत्रा आपटल्याचा आवाज झाला.

धाकटी किंचाळली. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज कुठून आला कोणालाच कळलं नाही. नळ्या उपटून ती दाराकडे झेपावू पाहत होती, नखं वहिनीच्या मनगटात रुतली होती.

"उघड! वहिनी, उघड ना! दार उघड!"

"अहो, दार लावल्याशिवाय गाडी हलवता येत नाही," परिचारक म्हणाला. "नियम आहे."

"तुमचा नियम माझ्या नावावर मोडा," वहिनी म्हणाली. तिनं लाथेनं दार सताड उघडलं, घारकडून दोरी मागून घेतली आणि दार बाहेरून कडीला बांधून टाकलं. मग नणंदेला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "हे बघ. बाहेर बघ. उघडंच आहे. मी लावू देणार नाही कोणाला."

ड्रायव्हरनं मागे वळून एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली. अगदी सावकाश, दिवसाउजेडी, एक दार उघडं ठेवून रुग्णवाहिका गेटबाहेर पडली. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले, हातवारे केले. धाकटी वहिनीच्या कुशीतून, डोळे न मिटता, मागे पळणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिली.